खटक्! आणि गाणं बंद

दोस्तांनो, डोळ्यांपुढे एक चित्र आणा बरं. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातलं येलदरी. पूर्णा नदीवरचं लांबच लांब मातीचं धरण. मे महिन्यातली रविवारची दुपार. ऊन असं की जीपच्या बॉनेटवर हात ठेववत नाही. समजा, या जीपमध्ये तुमच्या मामांनी हौसेने नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतलाय. मागच्या सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्या मागे दोन मोठे वूफर. तुम्ही सगळी भावंडं जीपमध्ये कोंबून बसलात, मामांनी आवाज वाढवला, ढोलकीचा पहिला दणदणीत ठेका आला आणि...

खटक्! गाणं बंद.

थोड्या वेळाने गाणं आपोआप सुरू झालं. पुन्हा ठेका, पुन्हा खटक्!

आता सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. मामा म्हणतात, "माल खराब निघाला." दादा म्हणतो, "मोठी बॅटरी टाका." आणि शेजारी उभे असलेले एक जाणकार म्हणतात, "काही नाही हो, फ्यूज काढा, तार टाका, डायरेक्ट करून टाका. बघा कसा चालत नाही ते!"

यातलं कुणाचं ऐकायचं? आज आपण हाच शोध घेऊ. पण आधीच सांगून ठेवतो, शेवटचा सल्ला मुळीच ऐकायचा नाही. का, ते पुढे कळेलच.

बिघडला की थांबला?

यंत्र बिघडणं वेगळं आणि यंत्राने स्वतःहून थांबणं वेगळं. खरोखर बिघडलेला अ‍ॅम्प्लिफायर दोन मिनिटांनी पुन्हा गाऊ लागत नाही. जो थांबतो आणि परत सुरू होतो, तो बहुतेक वेळा शाबूत असतो. त्याच्या आत एक छोटासा पहारेकरी बसवलेला असतो. पहारेकरी म्हणजे काय, तर एक विजेची मांडणी. ती सतत चार गोष्टींवर नजर ठेवते. दाब फार कमी तर झाला नाही ना? करंट फार वाढला नाही ना? आतलं तापमान हाताबाहेर गेलं नाही ना? स्पीकरच्या तारा कुठे एकमेकींना चिकटल्या नाहीत ना? यातलं काहीही झालं की तो अ‍ॅम्प्लिफायरला म्हणतो, "थांब!" बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरवर त्या वेळी एक लाल दिवा लागतो. त्याच्याखाली इंग्रजीत ‘प्रोटेक्ट’ असं लिहिलेलं असतं. प्रोटेक्ट म्हणजे रक्षण करा. बिघाड झाला असं तो दिवा म्हणतच नाही मुळी!

असे पहारेकरी येलदरीत आणखीही आहेत बरं का! धरण भरत आलं की सांडव्याचे दरवाजे उघडून पाणी सोडतात. ते पाहून कुणी ‘धरण बिघडलं’ म्हणतं का? धरण वाचावं म्हणूनच दरवाजे उघडायचे असतात. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे. तिथे साडेसात मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण २२.५ मेगावॅट क्षमता. बाहेर कुठे तार तुटली, दोन तारा चिकटल्या, तर अशा वीजघरातला रिले नावाचा पहारेकरी क्षणात संचाचा आणि तारेचा संबंध तोडतो. संच फिरायचा थांबला तर थोडा वेळ अंधार होईल. पण संच जळला तर?

आपल्या देशात याचं एक फार मोठं उदाहरण घडलं. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना ते ग्वाल्हेर या मार्गावर भार फार वाढला आणि तिथल्या पहारेकऱ्याने ती तार तोडली. मग एकामागून एक तारा सुटत गेल्या आणि सगळा उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारतही गेला. ६० कोटींहून जास्त लोक राहतात एवढा तो भाग! आपला पश्चिम विभाग मात्र वाचला, कारण त्याला उत्तरेशी जोडणाऱ्या तारा सुटून तो वेगळा झाला होता. आणि गंमत पाहा, दोन्ही दिवशी रात्रीपर्यंत वीज बहुतेक ठिकाणी परत आली. वीजघरांतली यंत्रं शाबूत होती, म्हणूनच ते जमलं. ती जळली असती तर कित्येक महिने लागले असते.

तेव्हा मामांच्या अ‍ॅम्प्लिफायरला शिव्या देण्याआधी विचारायचं, "बाबा रे, तू कशाला घाबरून थांबलास?"

एवढासा डबा आणि एवढा करंट!

त्याला उत्तर देता यावं म्हणून थोडं गणित करू. घाबरू नका, सोपंच आहे.

समजा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात ३०० वॉटचा आवाज देतो. जुन्या पद्धतीचे अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेतली बरीचशी वीज उष्णतेतच घालवतात. म्हणून ३०० वॉट द्यायला तो सुमारे ५०० वॉट घेतो. गाडीची बॅटरी साधारण १२.५ व्होल्टची. ५०० ला १२.५ ने भागा. किती आले? ४० अँपिअर!

४० अँपिअर म्हणजे किती, ते असं पाहा. घरातली १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर चालते. ती घेते फक्त ४.३ अँपिअर. म्हणजे सीटखालचा तो डबा इस्त्रीच्या नऊपट करंट ओढतो! वॉट निम्मे, तरी करंट नऊपट. कारण गाडीतला दाब फार कमी. दाब कमी असला की तेवढंच काम करायला करंट जास्त लागतो.

आता येलदरीच्या वीजघराकडे वळा. समजा तिथली सगळी २२.५ मेगावॅट वीज १३२ किलोव्होल्टच्या दाबाने, तीन तारांमधून दूर पाठवली. प्रत्येक तारेतून किती करंट जाईल? फक्त १०० अँपिअरच्या आसपास! म्हणजे अख्ख्या वीजघराच्या एका तारेत १०० आणि मामांच्या जीपमध्ये ४०. आणि तीच सगळी वीज कुणी १२ व्होल्टवर दोन तारांमधून पाठवायची म्हटली, तर करंट होईल १८ लाख ७५ हजार अँपिअर. एवढ्या करंटला पुरेल अशी तार आणायची कुठून? म्हणून तर वीज दूर पाठवण्याआधी ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवतो.

गाडीत ती सोय नाही. म्हणून गाडीत तार जाडच हवी. आपला पहिला संशयित इथेच सापडतो.

संशयित पहिला : बारीक तार आणि गंजलेली अर्थिंग

घरच्या वायरिंगमधली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार तुम्ही पाहिली असेल. तिच्या एका मीटरचा रोध साधारण ०.००७ ओहम. बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत ५ मीटर तार धरा. रोध झाला ०.०३५ ओहम. नववी-दहावीच्या मित्रांना ओहमचा नियम आठवत असेल : दाब म्हणजे करंट गुणिले रोध. ४० गुणिले ०.०३५ म्हणजे १.४ व्होल्ट. एवढा दाब वाटेतच संपला! वर त्या तारेत ५६ वॉटची उष्णता तयार होते. जुना ६० वॉटचा बल्ब हाताला किती चटका द्यायचा, ते आईबाबांना विचारा. तेवढी उष्णता तारेच्या प्लॅस्टिकखाली!

इंजिन बंद असताना एवढा भार पडला की बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास येते. त्यातून १.४ गेले, उरले १०.६. अजून करंटने परतीचा प्रवास करायचाय. गाडीत परतीची तार बॅटरीपर्यंत नेत नाहीत. ती गाडीच्या लोखंडी बॉडीला नटबोल्टने आवळतात. तिलाच गॅरेजवाले अर्थिंग म्हणतात. तो नट रंगावर किंवा गंजावर आवळला असेल तर तिथे आणखी अर्धा-एक व्होल्ट जातो. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडी पडले दहाच्या आतबाहेर. बरेच अ‍ॅम्प्लिफायर १० ते १०.५ व्होल्टच्या आसपास थांबतात. खटक्!

तार १६ चौरस मिलिमीटरची घातली तर? तेवढ्याच अंतरात जातो फक्त ०.२३ व्होल्ट. पाहिलंत? अ‍ॅम्प्लिफायर तोच, बॅटरी तीच. फक्त तार बदलली आणि नटाखालचा रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत केलं, की गाणं अखंड!

ओळखायचं कसं? गाणं मोठ्याने लावा आणि हेडलाइट चालू करा. ठेक्याबरोबर दिवे मिचमिचले तर बॅटरी दमलेली आहे किंवा तिच्या टोकांशी जोड ढिला आहे. दिवे स्थिर आहेत आणि तरीही अ‍ॅम्प्लिफायर थांबतो, तर त्याची स्वतःची तार किंवा अर्थिंग पाहा. मिस्त्रींकडे मल्टिमीटर असेल तर त्यांना सांगा, "काका, आधी बॅटरीवर आणि मग अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांवर दाब मोजा ना, गाणं चालू असताना." दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढा दाब वाटेत सांडला.

संशयित दुसरा : ऊन

५०० वॉट घेतले, ३०० चा आवाज झाला. उरलेले २०० कुठे गेले? उष्णतेत. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर ज्या उभ्या पट्ट्या असतात ना, त्या शोभेच्या नसतात. ती उष्णता हवेला देऊन टाकणं हे त्यांचं काम. आता आपण त्याला सीटखाली ढकललं, वर सतरंजी टाकली, बाजूला डब्यांच्या पिशव्या कोंबल्या. हवा जाणार कुठून?

त्यात आपला मराठवाड्याचा उन्हाळा! बाहेर ४२ अंश असले तर काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी आतून ६० अंशांवर सहज जाते. पहारेकरी साधारण ८० अंशांच्या आसपास हाक मारतो. म्हणजे धावायला सुरुवात करण्याआधीच आपला गडी अर्ध्याहून जास्त थकलेला. याची खूण सोपी आहे. अ‍ॅम्प्लिफायर वीस-पंचवीस मिनिटं नीट चालतो, मग थांबतो, निवला की पुन्हा चालतो. सकाळी त्रास नाही, दुपारी आहे. असं असेल तर त्याच्या चारी बाजूंना तीन-चार बोटं जागा मोकळी ठेवा आणि वरची सतरंजी काढा. बस्स!

संशयित तिसरा : स्पीकरची जोडणी

मामांचे दोन्ही वूफर ४ ओहमचे आहेत. ते एकाच जागी समांतर जोडले तर एकूण रोध किती? ८ नव्हे हं! समांतर जोडणीत करंटला दोन वाटा मिळतात, म्हणून रोध निम्मा होतो : २ ओहम. दाब तोच राहिला तर करंट दुप्पट. अ‍ॅम्प्लिफायरच्या पुस्तिकेत ‘कमीत कमी ४ ओहम’ असं लिहिलेलं असेल, तर तो २ ओहमवर आवाज वाढवताच थांबणारच. तेच दोन वूफर एकसर, म्हणजे एकामागे एक जोडले तर ८ ओहम होतात. आवाज थोडा कमी, पण अ‍ॅम्प्लिफायर निवांत.

कधी कधी जोडणी बरोबर असते, पण तारेचा केसाएवढा एक धागा बाहेर राहून शेजारच्या टोकाला किंवा लोखंडाला टेकतो. मग गाडी खड्ड्यातून गेली की खटक्! आपल्याकडच्या रस्त्यांवर असा धागा लपून राहत नाही, एवढंच काय ते समाधान.

संशयित चौथा : चालू करणारी बारीक तार

डेकपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत एक बारीक तार येते. डेक सुरू झाला की ती अ‍ॅम्प्लिफायरला सांगते, "ऊठ!" ती ढिली असली तर अ‍ॅम्प्लिफायरला वाटतं, डेकच बंद झाला. इथे ओळखण्याची खूण दिव्यांची. लाल दिवा लागला तर पहारेकऱ्याने थांबवलं. सगळेच दिवे विझले तर वीज किंवा ही बारीक तार तुटतेय.

एका वेळी एकच बदल

आता चारही संशयित समोर आहेत. चोर पकडायचा कसा? मामा एकाच दिवशी नवी बॅटरी, नवी तार, नवे स्पीकर असं सगळंच बदलतील. गाणं चालू होईलही. पण चोर कोण होता ते कधीच कळणार नाही आणि खिसा रिकामा होईल तो वेगळाच!

शास्त्रज्ञांची रीत निराळी असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते वहीत लिहायचं. वहीत तीन रकाने आखा : कधी थांबला? तेव्हा काय चालू होतं? कोणता दिवा लागला? चार-पाच नोंदी झाल्या की चोर आपोआप पुढे येतो.

तार खोलण्याचं काम मिस्त्री किंवा मामा करतील. दर वेळी तारा काढण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करायचा, जोडून झालं की मगच चालू. आधी सगळे स्पीकर सोडवायचे. तरीही लाल दिवा लागतो? मग डेककडून येणाऱ्या गाण्याच्या तारा काढायच्या. दाब बरोबर आहे, अंग थंड आहे, तरीही दिवा लागतोच? तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात आहे, त्याला दुरुस्तीला पाठवा. स्पीकर सोडवल्यावर दिवा गेला? मग एकेक स्पीकर परत जोडा. ज्याच्या वेळी दिवा लागेल, तो स्पीकर किंवा त्याची तार चोर!

हीच रीत सायकलच्या पंक्चरला, शेतातल्या मोटारीला, एवढंच काय, न सुटणाऱ्या गणितालाही लागू पडते.

‘डायरेक्ट’ करायचं नाही!

आता त्या जाणकारांचा सल्ला. फ्यूजच्या जागी तार. काही जण तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात! याने काय होतं, नीट वाचा.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून तिला हात लावला तर शॉक बसत नाही. त्यामुळे लोकांना ती गरीब वाटते. पण तिची दोन टोकं चुकून जोडली गेली तर ती शेकडो अँपिअर देऊ शकते. मागच्या सीटपर्यंत जाणारी तार कुठे पत्र्याच्या धारेला घासून सोलली आणि बॉडीला टेकली, तर फ्यूज असेल तर तो वितळेल आणि करंट थांबेल. फ्यूजच्या जागी जाड तार असेल तर ती वितळणार नाही. वितळेल तारेवरचं प्लॅस्टिक. मग पेटेल सतरंजी, मग सीट. आणि त्या सीटवर बसलंय कोण? तुम्ही!

म्हणून फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरजवळ असला तरी दुसरा एक बॅटरीजवळ, हातभर अंतराच्या आत, हवाच. बॅटरीपासून पहिल्या फ्यूजपर्यंतच्या तारेला कुणीच राखणदार नसतो, म्हणून ती जितकी आखूड तितकी चांगली. फ्यूजचा आकडा तारेला झेपेल एवढाच ठेवायचा. उडाला म्हणून मोठा टाकायचा नाही.

आईबाबांसाठी दोन ओळी : बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा तिच्याजवळ काडी किंवा विडी नको. काम करताना हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. तारा सोडवताना आधी उणे टोक सोडवा, जोडताना ते सगळ्यात शेवटी जोडा. मुलांनी बघावं, नोंदी कराव्यात. पाना मोठ्यांच्या हातात.

घरी करून पाहा

साहित्य : एक वापरलेला टॉर्चचा सेल, टॉर्चचे जुन्या पद्धतीचे तीन छोटे बल्ब, तारेचे तुकडे. (घरातल्या प्लगची वीज अजिबात नको हं!)

एक बल्ब सेलला जोडा. उजेड लक्षात ठेवा. आता दुसरा बल्ब त्याला समांतर जोडा, मग तिसरा. पहिल्या बल्बचा उजेड कमी झाला ना? त्याला तर आपण हातही लावला नाही! जास्त करंट मागितला की सेलच्या आतच दाब खर्च होतो. आता हाच प्रयोग कोऱ्या सेलवर करा. फरक किती कमी दिसतो, ते वहीत लिहा. मामांच्या जीपचे दिवे ठेक्याबरोबर का मिचमिचतात, ते आता कुणालाही समजावून सांगता येईल तुम्हाला.

आणि कान?

अ‍ॅम्प्लिफायरला पहारेकरी आहे, वीजघराला आहे, धरणालाही आहे. कानाला मात्र लाल दिवा नाही. कान तापून खटक् करून बंद होत नाहीत. आतल्या नाजूक केसपेशी मुकाट्याने मरतात आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत, ही कामाच्या जागेसाठी मानलेली एक मर्यादा. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास आणि १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं! बंद जीपमध्ये दोन वूफर १०० सहज गाठतात. तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त झाल्यावर आवाजाचं बटण कुठे थांबवायचं, ते तुम्हीच ठरवा. कानांचे पहारेकरी तुम्हीच.

डोकं चालवा

मामांकडे ४ ओहमचे एकूण चार स्पीकर आहेत. अ‍ॅम्प्लिफायरला एकूण रोध बरोबर ४ ओहमच दिसला पाहिजे. चारही स्पीकर वाजले पाहिजेत. कसे जोडाल? आधी कागदावर काढून पाहा, मगच खालचं उत्तर वाचा.

उत्तर : दोन-दोनच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीतले स्पीकर एकसर जोडा, प्रत्येक जोडी ८ ओहमची झाली. आता त्या दोन जोड्या एकमेकींना समांतर जोडा. ८ चे निम्मे ४!